सावत्याचा मळा आणि चोख्याची भिंत

खंडेनवमीच्या सकाळी अंधेरीच्या एमआयडीसीत, मरोळच्या बाजूला, एखाद्या गाळ्यात शिरलं तर आधी कानालाच काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. लेथ बंद, ड्रिल बंद, ग्राइंडरची किरकिर नाही. लेथच्या बेडवर साचलेला लोखंडाचा कीस आदल्या संध्याकाळीच ब्रशनं झाडलेला असतो, तेलाचा चिकटा घासूनपुसून काढलेला असतो. चकला झेंडूचा हार, मेन स्विचवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, पाटावर लाल कापड आणि त्यावर पाने, हातोडी, व्हर्निअर, मायक्रोमीटर. जाणता फिटर मायक्रोमीटरला कुंकू लावू देत नाही, त्याच्या डबीला लावतो. जबड्यात कण अडकला तर दुसऱ्या दिवशी माप चुकायचं. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि मंडळी घरी जातात. त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही.

त्याच गाळ्याच्या भिंतीवर बहुतेक वेळा एक पाटी असते: 'काम हीच पूजा'.

आता कोणी असं म्हटलं की, काम हीच जर पूजा, तर पूजेच्या दिवशी काम बंद का? प्रश्न वरवर वात्रट आहे, पण त्याला पटकन उत्तर सापडत नाही. रोज आठ तास जी पूजा चालते ती खरी पूजा असेल, तर वर्षातून एकदा हार घालून वेगळी पूजा करायची गरज नाही. आणि ती एक दिवसाची पूजा खरी असेल, तर उरलेले तीनशे दिवस जे चालतं त्याला दुसरं नाव हवं. गाळ्यातल्या कामगाराला हा पेच कधी पडत नाही, कारण पाटी त्यानं लावलेली नसते. त्यानं हार घातलेला असतो.

मुंबईच्या उपनगरांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास या पाटी आणि हाराच्या मधल्या जागेत घडला आहे.

हा इतिहास घडला तो कारखान्यांच्या बळावर. कापडगिरण्यांचं गिरणगाव लालबाग-परळला. उपनगरांकडे आले ते इंजिनिअरिंग, औषधं, मोटारी, टायर, बिस्किटं. 1929 मध्ये विलेपार्ल्यात सुरू झालेल्या कारखान्यानं गावाचंच नाव घेतलं आणि ते देशभरच्या चहाच्या कपात बुडवलं. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये काढलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे पद्मिनी गाडी आली, म्हणजेच मुंबईची काळीपिवळी टॅक्सी. विक्रोळीला गोदरेजनी खाडीकाठच्या जमिनीवर कारखान्याबरोबर वसाहत उभी केली. देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या तिथे घडल्या आणि 1955 पासून टाइपरायटर. पवईला लार्सन अँड टुब्रो, भांडुपला सिएट, कांजूरला क्रॉम्प्टन, गोरेगावला निरलॉन, कांदिवलीला महिंद्र. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या आग्रा रोडवर, आताच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर, भोंग्यावर घड्याळ लावायची सोय होती.

एक मोठा कारखाना एकटा कधीच नसायचा. त्याच्यामागे प्लेटिंगवाले, हीट ट्रीटमेंटवाले, नटबोल्टवाले, पावडर कोटिंगवाले असे कितीतरी गाळे जगायचे. त्यांच्यामागे खाणावळी, भाड्याच्या खोल्या, शिंपी, पतपेढी. मुलुंडच्या आयटीआयमधून बाहेर पडलेल्या मुलाला टर्नर किंवा फिटर म्हणून अप्रेंटिसशिप लागली की लग्नाच्या बाजारात त्याचा भाव चढायचा. पगाराच्या दिवसानंतर पोस्टात रांग लागायची आणि पैसे रत्नागिरी, सिंधुदुर्ग, साताऱ्याकडच्या गावांना जायचे. कोकणाला मनीऑर्डरवर जगणारा मुलूख म्हणायचे, ते या पगारांमुळे. भांडुपच्या लेथवर कातलेल्या लोखंडातून तिकडे घराची कौलं बदलली गेली, बहिणींची लग्नं झाली.

या माणसांपैकी कितीतरी माळकरी होते. पहिल्या पाळीला निघालेल्या लोकलच्या डब्यात टाळ वाजायचे, भजनी मंडळं ठरलेल्या डब्यात ठरलेल्या जागी बसायची. पाटीवरचं वाक्य कारखान्याच्या मॅनेजरनं इंग्रजीवरून उचललं असलं, तरी या श्रोत्यांना ते परकं वाटण्याचं कारण नव्हतं. त्यांच्या कानावर सावता माळ्याची गोष्ट लहानपणापासून होती. सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचा हा माळी पंढरपूरला गेला नाही. मळा सोडून जायचं कशाला, देव इथेच आहे, असं त्याचं म्हणणं. शेवटी विठ्ठलच त्याच्याकडे आला, अशी कथा. आजही पांडुरंगाची पालखी सावतोबाला भेटायला अरणला जाते. देवानं भक्ताच्या कामाच्या जागी यायचं, हा मान वारकरी परंपरेनं कष्टाला दिला. गोरा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी, जनाबाई: या संतांची ओळख सांगताना आधी त्यांचं काम सांगावं लागतं.

मॅनेजरला सोयीची वाटणारी कथा इथे संपते. परंपरा मात्र इथे थांबत नाही, आणि तिनं पुढे जे सांगितलं आहे ते पाटीवर मावणारं नाही.

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट घ्या. चिखल तुडवता तुडवता ते भजनात इतके बुडाले की रांगत आलेलं स्वतःचं मूल पायाखाली आलेलं त्यांना कळलं नाही. पुढे देवाच्या कृपेनं सगळं ठीक होतं, पण ते पुढे. कथेचा गाभा हा की काम आणि भक्ती एकाच वेळी, एकाच ठिकाणी, पूर्ण तल्लीनतेनं झाली आणि त्यात जीव गेला. कीर्तनकार ही गोष्ट भक्तीची पराकाष्ठा म्हणून सांगतात. एखादा फॅक्टरी इन्स्पेक्टर मात्र ती ऐकून दुसरंच काही म्हणेल. 1948 च्या कारखाना कायद्यानं यंत्राच्या फिरत्या भागांभोवती कुंपण सक्तीचं केलं, कारण तल्लीनतेवर कायद्याचा विश्वास नाही. प्रेसवर बोट गमावलेला माणूस उपनगरांतल्या कुठल्याही कामगारवस्तीत भेटतो. कामात मन नव्हतं म्हणून बोट गेलं, की फारच होतं म्हणून, हे सांगणं त्यालाही जड जातं.

नरहरी सोनारांची गोष्ट तर सरळ वर्कशॉपचीच आहे. कट्टर शिवभक्त असल्यानं विठ्ठलाचं तोंड पाहायचं नाही म्हणून त्यांनी मापावरून कंबरेचा करगोटा घडवला. तो एकदा मोठा झाला, एकदा लहान. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून ते स्वतः माप घ्यायला गेले, तेव्हा हाताला शंकर लागला आणि पट्टी सोडली तर समोर विठ्ठल. अद्वैत त्यांना पोथीतून कळलं नाही, नाकारल्या गेलेल्या मालातून कळलं. अंधेरीत 1973 साली निर्यातीसाठी काढलेल्या सीप्झमध्ये इलेक्ट्रॉनिक्सबरोबर पुढे हिरे-दागिन्यांचे कारखाने मोठ्या प्रमाणावर आले. तिथल्या बाकावर बसणाऱ्या कारागिराला ही कथा अर्धीच लागू पडते. माप त्याचंही चुकतं, पण दागिना कोणाच्या अंगावर जाणार हे त्याला कधी दिसत नाही. दिवसअखेर त्याची झडती होते, बाकाखालची धूळसुद्धा सोन्यासाठी गोळा होते. पूर्वी हे काम झारेकरी करायचे.

आणि मग चोखामेळा.

चोखोबा काम करतानाच गेले. मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या बांधकामाला त्यांना लावलं होतं. 1338 च्या सुमारास ती भिंत कोसळली आणि कितीतरी मजुरांबरोबर ते खाली गाडले गेले. नामदेव तिथे गेले तेव्हा ढिगाऱ्यातल्या हाडांमधून चोखोबांची कोणती हे ओळखण्याचा प्रश्न होता. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येत होतं ती त्यांची, असं कथा सांगते. ती पंढरपूरला आणून महाद्वाराच्या पायरीशी समाधी बांधली. देवळात जिवंतपणी प्रवेश नव्हता, समाधीलाही दाराबाहेरचीच जागा मिळाली. बाकीच्या मजुरांची हाडं कुठे गेली, हे कोणी सांगत नाही.

सावत्याचा मळा आणि चोख्याची भिंत, ही दोन्ही कामं कष्टाचीच. भक्तीतही उणंअधिक नाही. फरक आहे तो मालकीचा. सावता कधी उठायचा, कुठल्या वाफ्याला पाणी द्यायचा, कोथिंबीर कधी काढायचा, हे तो ठरवत होता. चोखोबांना भिंतीची उंची ठरवायची नव्हती, पाया किती खोल हे विचारायची सोय नव्हती आणि नको म्हणता येत नव्हतं. 'काम हीच पूजा' हे वाक्य सावत्यानं स्वतःबद्दल म्हटलं तर ते अध्यात्म आहे. मुकादमानं चोखोबांना ऐकवलं तर ती हजेरी आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 मध्ये जातीबद्दल लिहिताना हाच धागा पकडला होता: ही श्रमाची नव्हे, श्रमिकांचीच विभागणी आहे. गिरण्यांच्या विणकामखात्यात दलित कामगाराला घेत नसत, कारण तिथे सूत तोंडानं ओढावं लागे. संतांच्या नावामागे व्यवसाय लागतो याचं कौतुक करताना, तो व्यवसाय त्यांनी निवडला नव्हता हेही लक्षात ठेवलेलं बरं.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. सिमॉन वेल ही फ्रेंच तत्त्वज्ञ शिक्षिकेची नोकरी बाजूला ठेवून डिसेंबर 1934 मध्ये पॅरिसच्या एका कारखान्यात कामगार म्हणून शिरली आणि 1935 च्या उन्हाळ्यापर्यंत तीन ठिकाणी राबली, शेवटी रेनोमध्ये मिलिंग मशीनवर. श्रमात काही पवित्र असेल तर ते हातानं शोधायचं, हा तिचा हट्ट. सापडलं ते वेगळंच: तुकड्यांचा हिशेब आणि हुकमांची सवय माणसाला आतून गुलाम करते. त्यानंतर पोर्तुगालच्या एका कोळीवाड्यात तिनं कोळिणींची मिरवणूक पाहिली, त्यांची जुनी दुःखी स्तोत्रं ऐकली आणि आपण या दीनांच्या धर्मातलेच आहोत असं तिला वाटून गेलं. पुढे ती संस्कृत शिकली आणि गीतेकडे आली. ज्या बाईनं कारखाना सोसला ती निष्काम कर्माकडे वळली, हे वाचून पाटी लावणाऱ्यांनी खूश होऊ नये. कामाचा ताबा कामगाराच्या हाती कसा येईल, हा प्रश्न तिनं शेवटपर्यंत सोडला नाही.

गीतेचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडची एक गंमत सांगायला हवी. फळाची आशा न धरता कर्म करावं, हा उपदेश बोनसच्या वाटाघाटींत कामगारांना कितीदा ऐकवला गेला असेल! कर्मयोगाचा मराठीतला सर्वांत मोठा ग्रंथ, 'गीतारहस्य', टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिला आणि तो 1915 मध्ये छापून आला. ज्या शिक्षेमुळे ते मंडालेला गेले, त्या सहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध जुलै 1908 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस या हिशेबानं. म्हणजे कर्मयोगाच्या भाष्यकाराला या शहरातल्या कामगारांनी वाहिलेली पूजा म्हणजे कर्म थांबवणं. खंडेनवमीला यंत्र बंद ठेवणारा फिटर आणि 1908 चा संपकरी यांच्यात दिसतं तेवढं अंतर नाही. काम पवित्र आहे हे दाखवायचं तर ते कधीतरी स्वतःच्या इच्छेनं थांबवता आलं पाहिजे, हे दोघांनाही कळलं होतं. ज्याला थांबता येत नाही त्याच्या कामाला वेठ म्हणतात.

उपनगरांतल्या कामगाराला मध्यंतरीची काही वर्षं थांबता येत होतं. युनियन होती, गेट मीटिंग होती. घाटकोपरचे डॉक्टर दत्ता सामंत 1982 च्या गिरणी संपानं देशाला माहीत झाले, पण त्यांचं नाव त्याआधीच झालं होतं ते खाणमजुरांत आणि या इंजिनिअरिंग कारखान्यांत. त्या काळात कामगाराला कामाचा अभिमान होता तो पाटीमुळे नव्हे. हातातलं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत बरोबर येत होतं आणि नाही म्हणायची ताकद पाठीशी होती, त्यामुळे होता. चोख्याची भिंत थोडीशी सावत्याच्या मळ्याकडे सरकली होती, इतकं म्हणता येईल. सामंतांची पद्धत टोकाची होती आणि तिची किंमत कामगारांनीही मोजली, हेही खरं. 16 जानेवारी 1997 ला पवईत त्यांची हत्या झाली, तोवर कारखान्यांचा निकाल वेगळ्याच हिशेबानं लागू लागला होता.

तो हिशेब जमिनीचा. मुंबईत नवे मोठे उद्योग नकोत, हे सरकारी धोरण 1970 च्या दशकापासूनचं. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर औद्योगिक जमिनीवर घरं आणि कचेऱ्या बांधण्याची वाट रुंद झाली. मग निरलॉनच्या जागी आयटी पार्क आलं, कुर्ल्यात प्रीमिअरच्या जमिनीवर कोहिनूर सिटी. पार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना 2016 मध्ये बंद झाला आणि स्टेशनवर उतरताच येणारा तो गोड भाजका वासही गेला. बोरिवलीत महामार्गालगतची टाटा स्टीलची 25 एकर जमीन 2014 मध्ये 1,155 कोटी रुपयांना विकली गेली, म्हणजे एकरी 46 कोटींहून अधिक. एका एकरावर लोखंड ओढून तेवढा नफा कमवायला किती पिढ्या लागल्या असत्या, याचं गणित ज्याचं त्यानं करावं. कारखाना तोट्यात असायची गरजच उरली नाही. जमीन फायद्यात आली होती.

इथे एक कायदेशीर गंमत आहे. आपल्या कायद्यात देव ही व्यक्ती आहे. मूर्तीच्या नावावर जमीन असते, तिच्या वतीनं दावा लावता येतो आणि देवस्थान इनामाची जमीन पुजाऱ्याला परस्पर विकता येत नाही. कंपनी हीसुद्धा कायद्यानं व्यक्तीच, पण ती आपली जमीन विकू शकते. काम हीच पूजा, तर कारखाना हे देऊळ. आणि हे देऊळ असं, की त्यातला देव उठून गेला तरी तीस वर्षं रोज पूजा करणाऱ्याचा गाभाऱ्यावर काडीचा हक्क लागत नाही. ग्रॅच्युइटी म्हणजे सेवेच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, त्यात व्हीआरएसची रक्कम मिळवायची, आणि प्रसाद घेऊन निघायचं. पाटी लावणाऱ्यांनी रूपक शेवटपर्यंत पाळलं असतं तर बरं झालं असतं.

सगळं संपलं, असं मात्र नाही. कांदिवलीत ट्रॅक्टर बनत आले आहेत, भांडुपला टायर. 2023 मध्ये चंद्रावर उतरलेलं यान ज्या रॉकेटवर गेलं, त्याच्या इंजिनांची जुळणी विक्रोळीत झाली होती. उरलेलं बरंचसं काम मात्र गाळ्यांत, पोटमाळ्यांवर आणि ठेकेदाराच्या हजेरीवर गेलं आहे. तिथे गेट मीटिंग नाही, कारण गेटच नाही. साकीनाक्याच्या खैराणी रोडवर 18 डिसेंबर 2017 च्या पहाटे एका फरसाणाच्या कारखान्याला आग लागली आणि 12 कामगार गेले. जिथे कढई तापते तिथेच रात्री अंग टाकायचं, अशी रीत या भागातल्या कितीतरी गाळ्यांत आहे. मंगळवेढ्याची भिंत अशी अधूनमधून पडतच असते.

मंगळवेढ्याचं आणखी एक नातं इथे आठवायला हवं. चोखोबांच्या आधी दीडएकशे वर्षं, कल्याणला जाण्यापूर्वी, बसवेश्वर याच गावी होते. त्यांच्या शरणांनी कामाला कायक म्हटलं आणि त्याला शिवाच्या निवासाचा मान दिला. पण त्यांनी कायकाबरोबर दासोह सांगितला: कमाई वाटून घेणं, साठवून न ठेवणं. कायकात पुजारी आणि मालक वेगळे नसावेत, असा त्याचा आजच्या भाषेतला अर्थ लावला तर फार चुकणार नाही. आपल्या कारखान्यांनी कायक उचललं, दासोह तिथेच ठेवला.

उपनगरात एकदा मात्र तो उचलून पाहिला गेला. कुर्ल्यातली कमानी ट्यूब्स ही तांब्या-पितळेच्या नळ्या बनवणारी कंपनी मालक कुटुंबातल्या भांडणांत 1985 मध्ये बंद पडली. कामगारांनी नुकसानभरपाई मागण्याऐवजी कारखानाच मागितला. सप्टेंबर 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कामगारांच्या सहकारी संस्थेनं कंपनी ताब्यात घेण्याच्या योजनेला मान्यता दिली. सुमारे 600 कामगारांनी स्वतःची देणी आणि प्रॉव्हिडंट फंड यांतून पैसा उभा केला, कमी पगार मान्य केला आणि 1989 मध्ये भट्ट्या पुन्हा पेटवल्या. सुरुवातीची वर्षं बरी गेली. पुढच्या दशकात खेळतं भांडवल आटलं, कर्ज चढलं, आपापसात मतभेद झाले. प्रयोग फसला, असं अर्थतज्ज्ञ म्हणतात आणि ताळेबंद पाहिला तर त्यांचं खरं आहे. पण 'काम हीच पूजा' ही पाटी मुंबईत कुठे खरी ठरली असेल, तर ती या चारसहा वर्षांत, कुर्ल्याच्या या एका शेडमध्ये. तिथे काम थांबवायचं की चालू ठेवायचं, हे काम करणारेच ठरवत होते.

नळ्यांचं ते काम कधीच संपलं. लालबहादूर शास्त्री मार्गावर, कुर्ला पश्चिमेला, त्या नाक्याला लोक अजून कमानीच म्हणतात.